बांगाई कार्डिनल: जोडी जमवण्यापासून पिल्लं मोठी होईपर्यंत

अंडी तोंडात घेतलेल्या नराची हनुवटी भरल्या पिशवीसारखी खाली आलेली असते. मधूनच तो जबडा उघडतो, आतला गोळा जरा फिरवतो आणि पुन्हा मिटतो. त्या अर्ध्या सेकंदात आत नारिंगी मणी दिसतात. तीन आठवडे उलटले की मण्यांच्या जागी बारीक चंदेरी डोळे दिसायला लागतात, एकमेकांना चिकटून बसलेले, बाहेर बघणारे. मी पहिल्यांदा ते डोळे पाहिले तेव्हा टॉर्च हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होतो.

हा मासा म्हणजे बांगाई कार्डिनल, शास्त्रीय नाव टेरापोगॉन कॉडर्नी. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर. चंदेरी अंगावर तीन काळे उभे पट्टे, त्यातला पहिला थेट डोळ्यावरून जाणारा, लांब काळे पर आणि त्यांवर पांढरे ठिपके. समुद्री मासे पाळणाऱ्यांना तो दिसण्यामुळे आवडतो. माझं म्हणणं असं, की त्याचा खरा गुण वेगळाच आहे: हा घरच्या टँकमध्ये अंड्यापासून मोठा करता येतो, आणि तसाच तो पाळावा. समुद्रातून पकडून आणलेला घेऊ नये.

आधी त्याचा मुलुख

पाळण्याच्या लेखात भूगोल कशाला, असं वाटेल. पण या माशाच्या बाबतीत पुढची प्रत्येक पायरी त्याच्या मुलुखातून निघते.

हा मूळचा इंडोनेशियाचा. सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई द्वीपसमूह आहे: पेलेंग, बांगाई, बांगकुरुंग, लाबोबो आणि आजूबाजूची लहान बेटं. जगात नैसर्गिकरीत्या तो प्रामुख्याने तिथेच सापडतो. नकाशावर त्याच्या मुलुखाभोवती रेघ ओढली तर आत सुमारे ५,५०० चौरस किलोमीटर येतात, पण त्यातला बराचसा भाग खोल पाणी. मासा राहू शकेल असा उथळ पट्टा २००७ च्या मूल्यांकनात सगळा मिळून सुमारे ३४ चौरस किलोमीटर भरला होता.

स्वीडिश संशोधक वॉल्टर कॉडर्न यांनी १९२० मध्ये दोन नमुने जमवले. डच मत्स्यशास्त्रज्ञ कौमान्स यांनी १९३३ मध्ये त्यांवरून जातीचं वर्णन केलं आणि मग साठ वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९९४ मध्ये जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा शोधला, फोटो जगभर गेले आणि मागणी उसळली. २००० नंतरच्या काही वर्षांत दरवर्षी सात ते नऊ लाख मासे पकडले जात असल्याचे अंदाज आहेत, तेही एकूण संख्याच सुमारे चोवीस लाख धरली जात असताना. बाकाकान नावाच्या एका लहान बेटाच्या काठाला २००१ मध्ये सहा हजारांच्या आसपास मासे होते. २००४ मध्ये तिथे सतरा मोजले गेले.

एवढी पडझड होण्याचं कारण माशाच्या पिल्लांत आहे. प्रवाळातले बहुतेक मासे अंडी नाहीतर अळ्या पाण्यात सोडून देतात. त्या प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात आणि रिकामा झालेला किनारा दुसरीकडच्या पिल्लांनी भरून निघतो. बांगाईच्या पिल्लाला ही वाहून जाण्याची अवस्थाच नाही. ते बापाच्या तोंडातून पूर्ण घडलेलं बाहेर पडतं आणि तिथल्याच सी अर्चिनच्या, म्हणजे अंगभर काटे असलेल्या गोल समुद्री जीवाच्या, काट्यांत शिरतं. म्हणून काही किलोमीटरवरच्या दोन बेटांचे मासेसुद्धा जनुकीयदृष्ट्या वेगळे निघतात. एका बेटाचे संपले तर शेजारून येणारं कुणी नसतं.

आणि हीच गोष्ट पाळणाऱ्याच्या पथ्यावर पडते. समुद्री मासे घरी वाढवताना सगळ्यात अवघड टप्पा म्हणजे डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक अळी, तिला लागणारं तितकंच बारीक जिवंत खाद्य, आणि रोज मरणारी शेकडो पिल्लं. इथे तो टप्पाच नाही. जे या माशाला त्या बेटांवर अडकवून ठेवतं, तेच त्याला घरी वाढवणं सोपं करतं.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २००७ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवलं. साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत घालण्याचे प्रस्ताव २००७ आणि २०१६ मध्ये आले आणि दोन्ही वेळा मागे घेतले गेले. २०१८ पासून इंडोनेशियाने मर्यादित संरक्षण दिलं आहे: बांगाईच्या पाण्यात वर्षातले ठरावीक महिने पकडायला बंदी. तुमच्या देशात आयातीचे, पाळण्याचे नियम काय आहेत ते मासा घेण्याआधी पाहून घ्या.

पायरी १: मासा निवडणं

विकणाऱ्याला पहिला प्रश्न एकच: हा टँकमध्ये जन्मलेला आहे का, आणि कुणी वाढवला? ज्याने वाढवला त्याला तारीख सांगता येते, पिल्लं किती होती ते सांगता येतं, काय खातात ते दाखवता येतं. "बाहेरून येतात" असं उत्तर आलं तर घेऊ नका.

आकारावरूनही थोडा अंदाज येतो. टँकमधली पिल्लं साधारण अडीच-तीन सेंटिमीटरची, सगळी एकसारखी असतात. पूर्ण वाढलेले, पर फाटलेले, पोट आत गेलेले मासे एकत्र दिसले तर ते बहुधा समुद्रातून आलेले. पैसे देण्याआधी समोर खायला घालायला सांगा. निरोगी बांगाई हळू हलतो, पण खाणं दिसलं की नेमका झेपावतो. कोपऱ्यात काळवंडून उभा असेल, श्वास भराभर चालला असेल, मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल, तर त्या टँकमधला कुठलाच मासा घेऊ नका, शेजारचा चांगला दिसला तरीही.

पाच-सहा लहान मासे एकदम घ्या. का, ते जोडीच्या पायरीत येईल.

पायरी २: टँक

इथे फार काही नवीन नाही, म्हणून थोडक्यात. एका जोडीला शंभर-सव्वाशे लिटर पुरतं. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, खारेपणा विशिष्ट घनतेत १.०२४ ते १.०२५, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. ही विषं पचवणारे जिवाणू टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासा आणू नका.

जे या माशासाठी खास आहे ते त्याच्या घराकडे पाहून ठरवा. तिकडे तो बहुतेक दीड-दोन मीटर पाण्यात, आडोशाच्या खाडीत, समुद्री गवताजवळ थव्याने तरंगत असतो, आणि खाली लांब काट्यांचं काळं सी अर्चिन किंवा सी ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा, डंख मारणाऱ्या शुंडांचा जीव) असतं. सावली पडली की सगळा थवा काट्यांत. म्हणजे टँकमध्ये पाण्याचा जोरदार झोत नको. पंपाचं तोंड काचेकडे वळवा. मासा एका जागी न वाहता तरंगू शकला की वेग बरोबर आहे.

लांब काट्यांचं खरं सी अर्चिन ठेवता येतं, पण त्याला मोठा टँक आणि भरपूर शेवाळ लागतं. लहान टँकमध्ये नकली बरं. काळ्या केबल टायचा जुडगा घ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या चेंडूला भोकं पाडून टाय दहा-बारा सेंटिमीटर बाहेर राहतील असे खोचा, आणि खाली दगड बांधा. मासे दुसऱ्या दिवशीच त्यात उभे राहायला लागतात. असे दोन-तीन करून ठेवा, पुढे पिल्लांच्या टँकलाही लागणार आहेत.

सोबतीला झडप घालून खाणारे मासे नकोत. हा निवांत जेवणारा मासा आहे, घाईच्या पंगतीत उपाशी राहतो. तोंडात मावेल असं काहीही खाणारे मोठे मासे तर नकोतच.

पायरी ३: वेगळं ठेवण्याचे सहा आठवडे

ही पायरी टाळण्याचा मोह होतो, कारण मासे चांगले दिसत असतात. टाळू नका. बांगाई कार्डिनलला इरिडोव्हायरसची लागण होते. आयात झालेल्या माशांत तो सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. यावर औषध नाही. लक्षणं वर सांगितली तीच: सुस्ती, काळवंडणं, खाणं सोडणं, पांढरी विष्ठा. पकडल्यावर गर्दीत, तणावात राहिलेल्या माशांत तो झपाट्याने पसरतो.

चाळीस लिटरचा साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि एक नकली अर्चिन एवढं पुरतं. त्याची जाळी, नळी, बादली सगळं वेगळं ठेवा. सहा आठवडे रोज खाणं आणि श्वास पाहा. एखादा मासा मेला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

याच काळात खाण्याची सवय लावा. सुरुवात फ्रोझन मायसिसने (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) करा, मग बारीक चिरलेली कोळंबी, मग हळूहळू बारीक पेलेट, म्हणजे कोरडं दाणेदार खाद्य, मिसळा. दिवसातून दोनदा, थोडं थोडं.

पायरी ४: जोडी

नर-मादी बाहेरून ओळखणं अवघड आहे. पाठीचा दुसरा पर लांब तो नर, असं सांगितलं जातं, पण त्यावर भरवसा ठेवू नका, मी दोनदा फसलो आहे. मोठ्या नराचा खालचा जबडा जरा चौकोनी आणि भरलेला दिसतो. तेही त्याने एकदोनदा अंडी घेतल्यावर नीट कळतं. म्हणून जोडी निवडायची नाही, माशांना निवडू द्यायची.

पाच-सहा पिल्लं एकत्र वाढली की आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास थव्याचं वागणं बदलतं. दोन मासे बाकीच्यांपासून सुटे होतात, एका कोपऱ्यात शेजारी शेजारी तरंगतात. त्यातला एक अंगभर थरथरतो, दुसऱ्याच्या अगदी जवळ जातो. ही बहुधा मादी असते. या जातीत पुढाकार तीच घेते. नर तिच्यासमोर जांभई दिल्यासारखा जबडा ताणतो.

इथून पुढे तुमच्या हातात फार दिवस नाहीत. जुळलेली जोडी उरलेल्यांना सतत हाकलते, आणि टँकमध्ये पळायला जागा नसते. फाटलेले पर आणि वरच्या कोपऱ्यात अडकून राहिलेला मासा दिसला की त्याच दिवशी बाकीचे काढा. उद्यावर टाकलं तर उद्या मेलेला मासा मिळतो. मोकळ्या खाडीत शांत थव्याने राहणारा मासा टँकमध्ये इतका कडक का होतो, याचं उत्तर त्या काचेच्या चार भिंतींत आहे.

काढलेले मासे वेगळे ठेवा. त्यांतूनही पुढे जोडी निघू शकते.

पायरी ५: अंडी आणि बापाचा उपास

मादी अंड्यांचा एकच घट्ट गोळा सोडते आणि नर तो क्षणात तोंडात घेतो. डोळ्यासमोर घडूनही निसटतं इतकं जलद. अंडी साधारण चाळीस ते साठ, प्रत्येक अडीच-तीन मिलिमीटरचं. माशाच्या आकाराच्या मानाने ही फारच मोठी अंडी आहेत, कारण पिल्लाचं सगळं बालपण त्या पिवळ्या बलकावर जायचं असतं.

आता नर खात नाही. वीस दिवसांच्या सुमारास अंडी फुटतात, पण पिल्लं बाहेर येत नाहीत. बलक संपेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस तोंडातच राहतात. म्हणजे महिनाभर उपास. खाणं टाकल्यावर तो जवळ येतो, बघतो आणि वळतो. हे पहिल्यांदा पाहताना जीव कासावीस होतो, पण त्याला भरवायचा प्रयत्न करू नका. तोंड उघडलं तर अंडी जातील.

पहिल्या एकदोन खेपांना नर तीन-चार दिवसांत अंडी गिळून टाकतो. तरुण नरात हे नेहमीचं आहे. त्याला भरपूर खाऊ घाला, पुढची खेप येतेच.

तारीख लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, वहीत, कुठेही, पण अंडी घेतल्याचा दिवस नक्की हवा. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

या महिन्यात जाळी टँकमध्ये घालू नका, दगड हलवू नका, पाणी बदलताना तापमान सारखं ठेवा. घाबरलेला नर अंडी थुंकतो.

पायरी ६: पिल्लांचा टँक आणि सुटका

अठराव्या दिवसापर्यंत तीस-चाळीस लिटरचा टँक तयार ठेवा. पाणी मोठ्या टँकमधलंच, स्पंज फिल्टर मंद हवेवर, तळ उघडा, आणि नकली अर्चिन.

आता दोन मार्ग. एक, चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी नराला तिकडे हलवायचं. त्यासाठी जाळी वापरायची नाही. मोठा प्लास्टिकचा डबा पाण्याखाली धरून, रात्री दिवे बंद असताना त्याला हळूच आत घ्यायचं आणि पाण्यासकट न्यायचं. दुसरा, त्याला आहे तिथेच राहू द्यायचं आणि पिल्लं सोडल्यावर ती अर्चिनमधून उचलायची. दुसऱ्या मार्गात काही पिल्लं जातात, कारण मोठे मासे, कधी आई-बापसुद्धा, मोकळी दिसलेली पिल्लं खातात. तरीही नर पहिलटकर असेल तर मी दुसराच मार्ग सांगेन. एकदा शांतपणे पूर्ण खेप काढलेला नर पुढच्या वेळी हलवणं सोपं जातं. तोंड दाबून पिल्लं बाहेर काढण्याची पद्धतही काहीजण वापरतात. मी कधी केलेलं नाही, करणारही नाही.

सुटका बहुधा अंधारात होते, कधी दोन रात्रींत मिळून. सकाळी अर्चिनच्या काट्यांमध्ये आठ मिलिमीटरचे मासे उभे असतात, तिन्ही पट्ट्यांसकट, मोठ्यांची तंतोतंत छोटी प्रत. पंधरा-वीस मिळाले तरी खेप चांगली. नराला लगेच परत मोठ्या टँकमध्ये नेऊन खायला घाला. शक्य असेल तर काही आठवडे मादीपासून वेगळा ठेवा, नाहीतर ती अंगात ताकद येण्याआधीच त्याच्या तोंडी पुढचा गोळा देते.

पायरी ७: खाणं, जिथे बहुतेकांची पिल्लं जातात

पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे अगदी बारीक जिवंत जीव, खातात. त्यामुळे लोक निर्धास्त होतात, मीही झालो होतो. माझी पहिली खेप अठरा पिल्लांची होती. पोटं रोज नारिंगी भरलेली दिसत. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी खोलीतला दिवा लावला आणि त्यांतली सात पिल्लं जागीच आखडून, थरथरून तळाला गेली. सकाळपर्यंत आणखी चार. पाणी तपासलं, सगळं ठीक होतं.

दोष खाद्यात होता. आर्टेमियात पिल्लांना लागणारी काही मेदाम्लं, मुख्यतः डीएचए, जवळजवळ नसतात. पोट भरतं, पण पिल्लू आतून अशक्त राहतं, आणि अचानक दचकलं की मरतं. उपाय म्हणजे आर्टेमियाला आधी खाऊ घालणं.

एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, २८ अंश तापमान, वरून दिवा आणि खालून जोरात हवा. चोवीस तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून दिवा तळाजवळ धरा आणि दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. बारीक नळीने तेवढीच ओढून घ्या आणि गाळणीवर धुवा. टरफलं पिल्लांच्या टँकमध्ये जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत.

ताज्या फुटलेल्या आर्टेमियाला तोंडच उघडलेलं नसतं. ते उघडायला आठ ते बारा तास जातात. म्हणून धुतलेली आर्टेमिया दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात घाला, बारा तासांनी त्यात मेदाम्लांचं तयार द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका, आणि आणखी बारा तास हवा चालू ठेवा. मग पुन्हा धुऊन वापरा. म्हणजे अंडी भिजवल्यापासून ताटात येईपर्यंत दोन दिवस. रोज एक बाटली नव्याने लावावी लागते, आणि पहिली बाटली पिल्लं सुटण्याच्या दोन दिवस आधी. कॅलेंडरवरची तारीख इथे कामाला येते.

दिवसातून तीन-चार वेळा, दहा मिनिटांत संपेल इतकंच घाला. उरलेलं आणि तळाचा गाळ पातळ नळीने रोज काढा, आणि तेवढंच, दहा टक्क्यांच्या आसपास, मोठ्या टँकचं पाणी भरा.

दिव्याची काळजी तरीही घ्या. आधी खोलीतला उजेड, मग काही मिनिटांनी टँकवरचा दिवा. काचेवर टिचकी मारू देऊ नका, घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या खेपेला मी खाद्य आणि दिवा एवढंच बदललं, आणि एकवीसपैकी एकोणीस पिल्लं मोठी झाली.

पायरी ८: दुसऱ्या महिन्यापासून पुढे

तीन-चार आठवड्यांनी आर्टेमियाबरोबर अगदी बारीक चिरलेलं मायसिस द्या. सुरुवातीला थुंकतात. रोज एक चिमूट देत राहा, आठवड्याभरात एक पिल्लू धरतं आणि त्याचं बघून बाकीची. दोन-तीन महिन्यांत ती अडीच सेंटिमीटरची होतात, तेव्हा मोठ्या टँकमध्ये हलवा. त्याआधी देऊ नका कुणाला, लहान पिल्लं प्रवासात टिकत नाहीत.

देताना प्रत्येक खेपेची तारीख, आई-बापाची माहिती आणि सध्याचं खाणं चिठ्ठीवर लिहून द्या. दोन वेगळ्या घरांतल्या पिल्लांची जोडी लागावी म्हणून ही चिठ्ठी फार महत्त्वाची आहे. एकाच खेपेतली भावंडं पिढ्यानपिढ्या जुळत राहिली तर जोम कमी होतो. शक्य असेल तर तुमच्यासारख्याच दुसऱ्या पाळणाऱ्याशी पिल्लांची अदलाबदल करा.

आणि पिल्लं जास्त झाली म्हणून कुठल्याही समुद्रात सोडू नका, त्यांच्या मूळ बेटांजवळसुद्धा नाही. २००० च्या सुमारास व्यापारातले मासे उत्तर सुलावेसीच्या लेम्बेह सामुद्रधुनीत सुटले आणि तिथे त्यांचा वेगळा थवा वसला. नकाशावर त्यामुळे मुलुख वाढल्यासारखा दिसतो, पण बांगाईच्या काठावरच्या एकेका बेटाचे वेगळे मासे त्याने भरून निघत नाहीत, आणि टँकमधून गेलेला मासा सोबत रोगही नेऊ शकतो. जागा संपत आली असेल तर मादीला काही महिने वेगळ्या टँकमध्ये ठेवा. नराच्या अंगावर पुन्हा मांस चढेल, आणि तोवर आधीच्या खेपेची पिल्लं घरोघरी गेलेली असतील.